भातकापणी जवळ आली: ब्रश कटर आधी तपासा, मगच खाचरात न्या



हळवं भात पिवळं पडू लागलंय. नागोठणे परिसरात आता कापणीची गडबड सुरू होईल. मजूर मिळत नाहीत म्हणून बऱ्याच घरांत पेट्रोलवरचा ब्रश कटर आलाय. आजचा सल्ला त्याच्याबद्दल. बाकी विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा:

*इंजिन बंद आणि पातं पूर्ण थांबलेलं, तरच हात जवळ न्यायचा.*

*1) पेट्रोल*
▪️ टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळावं लागतं. प्रमाण 50:1 असेल तर 1 लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. आपल्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघा. अंदाजाने ओतू नका.
▪️ फोर-स्ट्रोकला ऑईलची जागा वेगळी असते. तिथली पातळी रोज बघा, पेट्रोल साधंच घाला.
▪️ गेल्या हंगामातलं उरलेलं पेट्रोल वापरू नका. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. मग दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, मशीन काही चालू होत नाही.
▪️ गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. दहा मिनिटं थांबा. बिडी-सिगारेट लांब ठेवा.

*2) सुरू करण्याआधी*
▪️ एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.
▪️ पात्याला तडा गेला असेल तर ते टाकूनच द्या. वेल्डिंग करून वापरू नका.
▪️ पात्याचा नट बहुतेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. सैल करताना नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर तो आणखी आवळतो.
▪️ गार्ड काढून मशीन चालवू नका. भातासाठी बारीक दातांचं गोल पातं आणि पीक एका बाजूला पाडणारा गार्ड लावा.
▪️ बंद पडवीत किंवा गोठ्यात इंजिन चालवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

*3) खाचरात*
▪️ बूट, फुल पँट आणि चष्मा हवाच. बांधाजवळचा दगड पात्याला लागला की गोळीसारखा उडतो.
▪️ चालू मशीनपासून 15 मीटरच्या आत कोणी नको. आपल्याकडे पुढे कापणी चालू असताना मागे बायका वाकून भात गोळा करतात, पोरं मधे फिरतात. कापणारा वळला तर? म्हणून एक पट्टा कापा, मशीन बंद करा, मग भात उचलू द्या.
▪️ पात्याला पेंढा किंवा वेल गुंडाळला की तो हाताने ओढायचा मोह होतो. रेस सोडली तरी पातं काही वेळ फिरतच राहतं. आधी बटण बंद करा, पातं थांबू द्या, प्लगची कॅप काढा, मगच पेंढा काढा.
▪️ रेस पूर्ण सोडल्यावरही पातं फिरतच असेल तर मशीन मेकॅनिककडे न्या. तसंच वापरू नका.

*4) कापणी झाल्यावर*
वालाच्या पेरणीच्या घाईत मशीन तसंच कोपऱ्यात पडतं. अर्धा तास काढा:
▪️ टाकी रिकामी करा. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल.
▪️ प्लग काढा, आत चमचाभर इंजिन ऑईल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा.
▪️ पात्याजवळच्या गिअरला ग्रीस भरा, पातं पुसून तेलाचा हात द्या.
▪️ मशीन खताच्या गोणींजवळ ठेवू नका, खतामुळे लोखंड लवकर गंजतं. चुलीपासूनही लांब ठेवा.

आजच मशीन बाहेर काढून तपासा. भात ऐन कापणीला आल्यावर मेकॅनिककडे रांग असते. काही अडलं तर मशीनचा फोटो याच नंबरवर पाठवा.

हा मेसेज घरात जो मशीन चालवतो त्याला दाखवाच, आणि मागून भात उचलणाऱ्यांनाही वाचून दाखवा.

– आपला कृषी सल्लागार