आधी प्रश्न, मग यंत्र

चि. सोनू,


प्रबंधासाठी ‘एफएमआरआयवर काहीतरी’ करायचं म्हणतेस, ते वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. काळजी त्या ‘काहीतरी’ची. यंत्र ठरलंय आणि प्रश्न अजून ठरायचाय, हे उलटं झालं.

एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूची चित्रं घेणाऱ्या त्या चुंबकीय यंत्रात, चेतापेशींचं काम थेट दिसत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त येतं आणि त्यामुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. हा बदल शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तोवर पेशींचा कारभार केव्हाच पुढे गेलेला असतो. ‘केव्हा घडलं’ हे हवं असेल तर ईईजी, म्हणजे डोक्यावरून टिपलेला मेंदूचा विद्युत आलेख, बरा. पण त्यात संकेत नेमका कुठून आला ते धड कळत नाही. सगळं एकाच यंत्रात मिळत नाही, बाळा.

क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग तुला ठाऊक असेल. स्कॅनरमध्ये मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि चित्रातल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते विचारलं. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! हजारो ठिकाणी एकाच वेळी सांख्यिकी चाचणी लावली की निव्वळ योगायोगाने काही ठिकाणं उजळणारच. योग्य दुरुस्ती केल्यावर ती सगळी विझली. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. तू तो विश्लेषणाला बसण्याआधी आठव.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. भीती वाटताना एखादा भाग उजळला, एवढ्यावरून त्या भागामुळे भीती वाटते असं ठरत नाही. तो भाग सोबतीलाही असू शकतो. तो आवश्यक आहे का, हे कळायला त्याचं काम बंद पडल्यावर काय होतं ते पाहावं लागतं. १८६१ मध्ये डॉक्टर ब्रोकाने बोलणं गेलेल्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तो याच वाटेने. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देण्याची पद्धत, म्हणजे टीएमएस, आणली. तिने एखाद्या भागाच्या कामात तेवढ्यापुरता अडथळा आणता येतो. तीही पोचते ती वरच्या थरापर्यंतच.

आणि आता हेन्री मोलेसन. अपस्मार आवरेना म्हणून १९५३ मध्ये, सत्तावीस वर्षांच्या या तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा बराच भाग दोन्हीकडून काढला. त्यानंतर नवं काही लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्यासमोर कागदावर दुहेरी रेषेची चांदणी ठेवली. आरशात बघत, दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, हात थेट दिसू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी चुकाच चुका. तीन दिवसांत हात सफाईने फिरू लागला. आणि प्रत्येक वेळी त्याला वाटे, हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. प्रसंगांची स्मृती आणि हाताचं कसब मेंदूत वेगवेगळ्या व्यवस्थांवर चालतं, हे एका कागदाने, पेन्सिलीने आणि आरशाने दाखवलं. वर्तन इतकं बारकाईने मोजता आलं, म्हणून त्या जखमेला अर्थ आला.

तरी एका माणसावर सगळी भिस्त ठेवू नये. २००८ मध्ये मोलेसन वारला. नंतर मेंदूचे काप तपासले तेव्हा हिप्पोकॅम्पसचा काही भाग शाबूत निघाला आणि मेंदूच्या पुढच्या भागात आधी माहीत नसलेली एक जखमही सापडली. या माणसाला काल काय केलं ते आठवत नसे, तरी तो दशकानुदशकं संशोधकांसमोर बसला. जिवंत असेपर्यंत त्याचं नाव छापलं नाही, फक्त ‘एच. एम.’. तुझ्या अभ्यासात येणाऱ्या प्रत्येकाशी असंच वाग. संमतीपत्रावर सही घेण्याआधी त्यांना सगळं समजेल अशा मराठीत सांग.

नमुन्याबद्दल एवढंच, की माणसामाणसांतल्या स्वभावाचा फरक मेंदूच्या चित्रांशी जोडायचा असेल तर हजारो माणसं लागतात. २०२२ मध्ये ‘नेचर’मधल्या मोठ्या अभ्यासाने हे स्पष्ट केलंय. वर्गातल्या तीस मुलांवर ते जमणार नाही, मार्गदर्शक काहीही म्हणोत. एकाच माणसाची दोन स्थितींत तुलना करणारा प्रयोग मात्र थोड्या लोकांतही नीट बांधता येतो. मला तुझ्यासाठी तोच योग्य वाटतो.

तेव्हा स्कॅनरची वेळ मागायची घाई करू नकोस. तुझा प्रश्न एका वाक्यात लिही. त्याखाली, ते वर्तन तू कशाने आणि कसं मोजणार ते लिही. आणि तुझा अंदाज चुकीचा असेल तर आकडे कसे दिसतील, तेही. या तीन गोष्टी मला दिवाळीच्या आत पाठव, मग यंत्राचं बोलू.

तुझी,
मावशी