'पब्लिक' नावाचा पासवर्ड

हरणी म्हटलं की बडोदेकरांना विमानतळ आठवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथलं नवं टर्मिनल सुरू झालं. तेवढ्या इमारतीत स्विच, कॅमेरे, प्रिंटर किती असतील आणि त्या सगळ्यांकडे लक्ष कोण ठेवत असेल, असा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला लावला पप्पांच्या हरणीतल्या छोट्या झेरॉक्सच्या दुकानाने. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण हा विषयही शेवटी शब्दांचाच निघाला.

विचारणारा आणि सांगणारा

प्रत्येक यंत्रापाशी जाऊन "बरं चाललंय ना?" असं विचारायला माणसं पुरणार नाहीत. त्यासाठी १९८८ साली एसएनएमपी, म्हणजे सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, आला. त्यात देखरेख करणारा संगणक म्हणजे मॅनेजर, आणि यंत्राच्या आत बसलेला छोटा प्रोग्रॅम म्हणजे एजंट. मॅनेजर 'गेट' पाठवून माहिती विचारतो आणि 'सेट' पाठवून सेटिंग बदलतो. काही बिघडलं तर एजंट आपणहून 'ट्रॅप' पाठवतो. प्रश्न एजंटच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. ट्रॅप मॅनेजरच्या १६२ वर येतात.

पण निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकच प्रश्न कळतो कसा? इथे मला आपल्या बडोद्याचाच एक कोश आठवला. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला गेला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले आहेत. नेटवर्कमध्ये कोशाचं हे काम एमआयबी करते. तिथे शब्दाच्या जागी आकडे असतात. १.३.६.१.२.१.१.६.० असं विचारलं की एसएनएमपी जाणणाऱ्या यंत्राला, ते कोणत्याही कंपनीचं असो, एकच अर्थ कळतो: "तुला कुठे ठेवलंय?"

दुकानातली संध्याकाळ

माझा दादा नेटवर्कचं काम करतो. एकदा दुकानात बसल्या बसल्या त्याने लॅपटॉपवरून आमच्याच प्रिंटरला प्रश्न विचारले. प्रिंटरने पटापट सांगून टाकलं: दुकानाचं नाव, टोनर किती उरलाय, आणि संपर्कासाठी चक्क पप्पांचा मोबाईल नंबर!

"पासवर्ड कुठून मिळाला तुला?" मी विचारलं.

"मिळायचाय कुठून? 'पब्लिक'. नवीन यंत्रात बहुतेक वेळा तोच असतो. आपण कधी बदललाच नाही."

एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि २सी या आवृत्तीत ओळख पटवायला एवढा एक शब्द पुरतो. त्याला कम्युनिटी स्ट्रिंग म्हणतात. वाचण्यासाठी 'पब्लिक', बदलण्यासाठी 'प्रायव्हेट' हे नेहमीचे शब्द. शिवाय तो शब्द नेटवर्कवरून उघडाच जातो. वाटेत ऐकणाऱ्याला तो जसाच्या तसा मिळतो.

गिऱ्हाइकांचे कागद यातून दिसत नव्हते, हे खरं. पण आमचं वाय-फाय वापरणारं कुणीही हेच प्रश्न विचारू शकलं असतं. पप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लोक माझ्या हातात आधार कार्ड देतात रे. दार नीट लाव."

दार कसं लावायचं?

डिसेंबर २००२ मध्ये प्रमाण ठरलेली तिसरी आवृत्ती तीन प्रश्न विचारते.

१. कोण बोलतंय? प्रत्येक वापरकर्त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. पासवर्ड स्वतः नेटवर्कवर जात नाही. त्यापासून बनलेल्या किल्लीने निरोपावर शिक्का उमटतो. निरोपात कुणी फेरफार केला तर शिक्का जुळत नाही. १५० सेकंदांहून जुना निरोपही नाकारला जातो, म्हणजे चोरून ठेवलेला निरोप नंतर वापरता येत नाही.

२. कुणी ऐकतंय का? निरोप सांकेतिक लिपीत बंद करता येतो.

३. मुभा किती? कुणी काय वाचावं आणि काय बदलावं, हे वेगवेगळं ठरवता येतं.

दादाने जुन्या आवृत्त्या बंद केल्या, तिसरीत फक्त वाचू शकणारा एक वापरकर्ता ठेवला आणि गिऱ्हाइकांचं वाय-फाय वेगळं केलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

करून पाहा: तुमच्या घरातल्या प्रिंटरचं सेटिंग उघडा आणि एसएनएमपी चालू आहे का ते बघा. लागत नसेल तर बंद करा. लागत असेल तर तिसरी आवृत्ती निवडा. मात्र यंत्र स्वतःचं असू द्या. दुसऱ्याचं असेल तर आधी परवानगी घ्या, शब्द माहीत असला तरी.