कुठली वायर निवांत लावायची, कुठली जपून

अगं, प्रोसेसर बसला, रॅम खटकन बसली आणि आता कॅबिनेटमधून लोंबणारा बारीक वायरींचा झुपका बघून तुझा हात अडलाय ना? पहिल्या पीसीला बहुतेकांचा इथेच अडतो. पण मी सांगू, तुला ज्यांची धास्ती वाटतेय त्या वायरी अगदी गरीब आहेत. जपायला हवं ते दुसरीकडेच.

पॉवर स्विचचंच बघ. दारावरच्या बेलसारखं ते बटण दोन तारा क्षणभर जोडतं, बस्स. म्हणून त्याच्या वायरीच्या टोकाची टोपी उलटसुलट कशीही बसव. रिसेटचंही तेच. दिव्यांना मात्र प्लस-मायनस असतं. उलटं लागलं तर दिवा लागणार नाही, एवढंच. काढायचं, फिरवायचं, पुन्हा लावायचं. काळी किंवा पांढरी वायर बहुधा मायनसची असते.

आता जागा. मदरबोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्याशी एफ-पॅनेल किंवा जेएफपी१ असं काहीतरी छापलेलं असेल. तिथे दोन ओळींत नऊ पिना असतात आणि एका कोपऱ्यातली दहावी मुद्दाम गाळलेली असते. तीच तुझी खूण. बहुतेक बोर्डांवर चार पिनांच्या ओळीत, रिकाम्या जागेला लागून असलेली जोडी पॉवर स्विचची आणि पलीकडची पॉवरच्या दिव्याची. पाचांच्या ओळीत हार्ड डिस्कचा दिवा, रिसेट आणि एक पिन मोकळी. तरी मॅन्युअलमधली आकृती एकदा बघच, काही बोर्ड वेगळे असतात. आणि हे ग्राफिक्स कार्ड बसवायच्या आधी उरक, नाहीतर बोटं पोचत नाहीत. मोबाइलचा टॉर्च कुणाच्या तरी हातात दे.

यूएसबी आणि ऑडिओ इथे जरा सावध. दोन्हीकडे नऊच पिना, दिसायला जुळी भावंडं. फरक गाळलेल्या पिनेचा: यूएसबी २.० मध्ये ती अगदी कोपऱ्यातली, ऑडिओत कोपऱ्याच्या अलीकडची. बसत नसेल तर दाबू नकोस. यूएसबीत ५ व्होल्ट येतात, तिथे जबरदस्ती नको. जुन्या कॅबिनेटच्या ऑडिओ वायरीला दोन तोंडं असतील, तर एचडी ऑडिओ लिहिलेलं तेवढं लाव. यूएसबी ३ चा जाड प्लग १९ पिनांचा. त्याची खाच जुळव आणि सरळ खाली दाब. तिरका गेला तर पिना वाकतात.

खरी काळजी घ्यायची ती तीन ठिकाणी. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांत तीन पिनांचा एआरजीबी ५ व्होल्टवर चालतो आणि चार पिनांचा साधा आरजीबी १२ व्होल्टवर. ५ चे दिवे १२ वर जोडलेस तर जळून जातील. दुसरं, एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आठ पिनांच्या दोन प्रकारच्या केबली येतात. चार-चार अशी फुटते ती प्रोसेसरची, सहा-दोन अशी फुटते ती ग्राफिक्स कार्डची. अदलाबदल नको. तिसरं म्हणजे, एसएमपीएसच्या केबली सुट्या होणाऱ्या असतील तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला कधीही लावू नकोस. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम सगळ्यांचा एक नसतो. प्लग छान बसतो आणि बोर्ड किंवा डिस्क जाते. मित्राने 'माझ्याकडे पडलीये, घे' म्हटलं तरी नको म्हण.

काहीही जोडताना-काढताना प्लग भिंतीतून काढलेला असू दे. बंद दिसणाऱ्या मदरबोर्डवरही ५ व्होल्ट खेळत असतात.

सगळं जोडून झालं की प्लग लाव आणि बाजूचा पत्रा लावायच्या आधी बटण दाबून बघ. काहीच झालं नाही तर रडकुंडीला येऊ नकोस, आधी एसएमपीएसच्या मागचा स्विच बघ. तो चालू असेल तर प्लग काढून पॉवर स्विचची टोपी काढ, प्लग परत लाव आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. पंखे फिरले की समज, मशीन सुरू होतंय, घोटाळा बटणाच्या वायरीत आहे.

म्हणजे बघ, त्या अख्ख्या झुपक्यातून पीसी सुरू करायला एकच जोडी लागते. ती आज लाव. दिवे लावायला उद्याचा दिवस आहेच.