लाईन अटॅच झालं म्हणजे शिक्षा झाली का?

प्रश्न : अटक करताना पोलिसांनी कुणाला बेदम मारलं आणि गावात बोभाटा झाला, की दुसऱ्या दिवशी ‘संबंधित पोलीस लाईन अटॅच’ अशी बातमी येते. ही शिक्षा असते का? पुढे त्याचं काय होतं?
– एक वाचक, सौंसर

उत्तर : ही शिक्षा नव्हे. लाईन अटॅच म्हणजे थान्याच्या कामावरून हटवून पोलीस लाईनमध्ये हजेरी लावायला पाठवणं. पगार चालूच राहतो. निलंबन त्याहून कडक असतं. त्यात फक्त निर्वाह भत्ता मिळतो. पण तेही चौकशी होईपर्यंतच. परभणीच्या ख्वाजा युनूसच्या कोठडीतील मृत्यूप्रकरणी मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले आणि जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. खटला तेव्हाही संपला नव्हता. २०२१ मध्ये ते बडतर्फ झाले, ते दुसऱ्याच प्रकरणात.

खरी शिक्षा विभागीय चौकशीनंतर होते. ठपका, वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची निवृत्ती आणि शेवटी बडतर्फी, अशा तिच्या पायऱ्या आहेत. संविधानाच्या कलम ३११ प्रमाणे पदावनती किंवा बडतर्फीपूर्वी आरोप कळवून बाजू मांडायची संधी द्यावी लागते, अपवाद मोजकेच. हा नियम मला योग्य वाटतो. निर्दोष शिपायाचाही त्यामुळे बचाव होतो. फौजदारी गुन्ह्याची वाट वेगळी असते आणि ती चौकशीबरोबरच चालू शकते.

आता ‘जास्त मारहाण’ कशाला म्हणायचं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेला विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढं बळ वापरू देतं. कलम ४६ सांगतं, की पळून जाऊ नये एवढाच बंधनाचा उपयोग. हात धरले, गाडीत बसवलं, त्यानंतर पडलेली काठी कायद्यात बसत नाही, मग माणसावर चोरीचा गुन्हा असो की खुनाचा.

ही काठी चौकशीत सिद्ध कशी करायची? पहिल्या चोवीस तासांतल्या कागदांवर. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरांनी तपासणी करायची, अंगावरच्या जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ नोंदवायची, आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा सक्तीचा केला. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं, की तिथे तोंड उघडून मारहाण सांगावी. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे थान्यांत सीसीटीव्ही हवेत. त्यातलं चित्रण जपून ठेवावं, असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या.

शेजारच्या बैतूलमध्ये मार्च २०२० मध्ये दवाखान्यात निघालेल्या एका वकिलाला पोलिसांनी मारलं. मे महिन्यात तक्रार मागे घ्या म्हणून पोलीस त्यांच्या घरी आले, आणि दाढीमुळे तुम्ही मुसलमान वाटलात, म्हणून चूक झाली, असं सांगू लागले. ते बोलणं वकिलाने ध्वनिमुद्रित केलं होतं. एक सहायक उपनिरीक्षक निलंबित झाला, तो त्या ध्वनिमुद्रणामुळे. कायदा जाणणाऱ्यालाही पुरावा स्वतःच जमवावा लागला. मजुराचं काय होत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून एसपींकडे तक्रार द्यायला सौंसरच्या माणसाला छिंदवाडा गाठावा लागत नाही. पोच घ्यायला विसरू नका. भोपाळच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं.

आणि लाईन अटॅचची बातमी वाचून समाधान मानू नका. सहा महिन्यांनी आपल्या पत्रकाराला, नगरसेवकाला, आमदाराला विचारा : विभागीय चौकशी सुरू झाली का, आणि तिचा निकाल काय लागला?