रागसंगीतातून जगाच्या संगीताकडे

प्रश्न : शास्त्रीय संगीत आवडते. इतर प्रकार ऐकायचे तर सुरुवात कोणत्या अल्बमने करावी?

उत्तर : रागाची सवय असलेल्या कानाला जॅझमधला सर्वांत जवळचा अल्बम म्हणजे माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (1959). यात भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्‌सऐवजी मोजक्या स्वरपंक्तींवर वादक विस्तार करतात. त्यामुळे आलापीसारखा निवांतपणा येतो. यातल्या ‘सो व्हॉट’ या रचनेत आधी बास मुखडा मांडतो आणि बाकीची वाद्ये दोन सुरांत उत्तर देतात. तेवढा सवाल-जवाब पकडला की पुढचे आपोआप उलगडते. जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोनही इथेच भेटतो.

त्यानंतर ‘शक्ती’ (1976) : जॉन मॅक्लॉक्लिनची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. फ्यूजनच्या नावाखाली बरेच उथळ काम झाले; हे त्यातले नव्हे. क्यूबासाठी ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ (1997), रेगेसाठी बॉब मार्लेचा ‘एक्झोडस’ (1977).

पाश्चात्त्य अभिजात संगीतात बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ग्लेन गूल्डच्या पियानोवर ऐकावीत. त्याची 1955 आणि 1981 अशी दोन स्टुडिओ ध्वनिमुद्रणे आहेत. पहिले धावते, दुसरे चिंतनशील. नवख्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी.