ठिबक संचात चुना का साचतो?

साक्री तालुक्यात पांझरा व कान नद्यांच्या खोऱ्यांत विहिरीच्या पाण्यावर ठिबक सिंचन केले जाते. जेथे पाणी जड असते, तेथे काही हंगामांनंतर नळीच्या शेवटाकडील झाडे मलूल दिसू लागतात. पंप चालू असतो, खतही सोडलेले असते; परंतु ड्रिपरची तोंडे पांढऱ्या थराने बुजलेली असतात. नवी नळी टाकली तरी तीही कालांतराने बुजते. म्हणून या थराचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे.

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मुळे व जीवाणू यांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो. असे पाणी किंचित आम्ल होऊन जमिनीतील चुनखडी विरघळवते. वायुरहित शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम १४ मिलिग्रॅम चुनखडी विरघळते. वायूच्या साह्याने हे प्रमाण अनेक पटींनी वाढते. वायू निघून गेला की जादा चुना खाली बसतो.

वायू पाण्यात किती राहील, हे दाब व उष्णतामान यांवर अवलंबून असते. वायूचा दाब वाढेल त्या प्रमाणात त्याची द्राव्यता वाढते, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडला. सोड्याच्या बाटलीची गोळी आत दाबताच वायू फसफसून बाहेर पडतो, तो दाब कमी झाल्यामुळेच. उष्णतेचा परिणाम याच्या उलट होतो. साखर किंवा युरिया गरम पाण्यात अधिक विरघळतो. वायू मात्र कमी विरघळतो. साध्या दाबाखाली हा वायू एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे १.७ ग्रॅम, तर ४० अंशांस एक ग्रॅमहूनही कमी मावतो. पाणी तापवण्याच्या बंबात पांढरा थर धरतो, तो याच कारणाने.

ठिबक संचात ही दोन्ही कारणे एकत्र येतात. काळी नळी उन्हात तापते आणि ड्रिपरच्या तोंडाशी दाब संपतो. वायू उडून जातो, पाण्याचे बाष्पीभवन होते व चुना नेमका तेथेच बसतो.

उपाय पुढीलप्रमाणे करावेत :

१. उन्हाळ्यात पाणी पहाटे किंवा सायंकाळी द्यावे. नळ्या पाचटाखाली अथवा झाडाच्या सावलीत ठेवाव्यात.

२. नळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली भांडे ठेवावे. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून १५ मिनिटांत सुमारे १ लिटर पाणी मिळावे. बरेच कमी मिळाल्यास ड्रिपर तपासावा.

३. थरावर लिंबाचा रस टाकावा. फसफसल्यास तो चुना समजावा. न फसफसता बुळबुळीत लागल्यास ते शेवाळ असू शकते; त्यास आम्ल उपयोगी नाही.

४. चुन्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करावी. प्रथम १० लिटर विहिरीच्या पाण्यात थोडे थोडे आम्ल घालून सामू ४ होण्यास किती लागते ते पाहावे व त्यावरून मात्रा ठरवावी. आम्लयुक्त पाणी संचात रात्रभर ठेवून सकाळी नळ्यांची टोके उघडून धुऊन काढावे.

आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कदापि ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. ब्लिचिंग पावडर आम्लाबरोबर कधीही मिसळू नये; त्यातून प्राणघातक क्लोरीन वायू निघतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिली प्रक्रिया शेतकरी बंधूंसमवेत स्वतः करून दाखवावी.