संसदीय चर्चेचे मोल आणि लोकप्रतिनिधींचा सन्मान

लोकशाही शासनपद्धतीत विधिमंडळ हे केवळ कायदे संमत करण्याचे ठिकाण नव्हे. जनतेच्या गरजा, तक्रारी व आकांक्षा यांना शासनाच्या दप्तरी अधिकृत स्थान मिळवून देणारे ते सर्वोच्च व्यासपीठ होय. या व्यासपीठाचा अभ्यासपूर्वक उपयोग करणाऱ्या सदस्यांचा गौरव करण्याची प्रथा आपल्या राज्यात रूढ आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे दोन्ही सभागृहांतील सदस्यांना ‘उत्कृष्ट संसदपटू’ व ‘उत्कृष्ट भाषण’ हे पुरस्कार दिले जातात. दिनांक ३ सप्टेंबर २०२४ रोजी विधानपरिषदेच्या शताब्दी महोत्सवाच्या निमित्ताने राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईच्या विधान भवनात या पुरस्कारांचे वितरण झाले.

अशा समारंभाच्या निमित्ताने एका मूलभूत प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. हा सन्मान नेमका कशाचा? वक्तृत्वाचा, की त्या वक्तृत्वामागील अभ्यासाचा? सभागृहातील विजयाचा, की लोकांचा प्रश्न शासनापुढे उत्तरास पात्र करून ठेवण्याच्या कामगिरीचा? या प्रश्नाचे जे उत्तर समाज देईल, त्यावर पुरस्काराची प्रतिष्ठा अवलंबून राहील.

एका वस्तीचा प्रश्न सभागृहापर्यंत

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ शहर अकराव्या शतकातील शिवमंदिरासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच कारखानदारीसाठीही. शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले आणि १९४९ साली त्यास हे नाव मिळाले. या दोन्ही शहरांच्या परिसरात बुवापाड्यासारख्या अनेक श्रमिक वस्त्या आहेत. अशा एखाद्या वस्तीत पिण्याचे पाणी अपुरे पडू लागले, तर रहिवाशांनी दाद कोठे मागावी?

प्रथम डोळ्यांसमोर येते ती नगरपालिका. परंतु अंबरनाथ व बदलापूर येथील पाणीवाटपाचे काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे आणि हे प्राधिकरण राज्य शासनाच्या अखत्यारीत येते. म्हणजे नगरसेवकाने पालिकेच्या सभेत कितीही पोटतिडकीने विषय मांडला, तरी त्याचे अंतिम उत्तर देण्याचे दायित्व राज्याच्या पाणीपुरवठामंत्र्यांवर येते. मंत्र्यांना ते उत्तर जाहीरपणे व नोंद होईल अशा रीतीने द्यावे लागते, ते विधिमंडळात. एका वस्तीच्या नळाचा संबंध राज्याच्या सभागृहाशी असा थेट जोडलेला असतो.

त्यासाठी सदस्याच्या हाती अनेक आयुधे आहेत. तारांकित प्रश्नाने मंत्र्यांकडून तोंडी उत्तर मिळविता येते व उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. उत्तर समाधानकारक नसल्यास अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचनेद्वारे खात्याच्या कारभाराची झडती घेता येते. मंत्र्यांनी “हे काम पूर्ण करण्यात येईल” असे सांगितले, की ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. लोकसभेत अशी समिती १ डिसेंबर १९५३ रोजी स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर होते. स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले होते. बोलला गेलेला शब्द हवेत विरू नये, ही दक्षता संसदीय पद्धतीने अशी घेतली आहे.

पराभवानंतरही उरणारा शब्द

चर्चेचे मोल मतमोजणीने ठरत नाही, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात ठायी ठायी आढळते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातील मागणी अत्यंत माफक होती. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आपल्या क्षेत्रात शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वर्षभराने हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तथापि त्या चर्चेत मांडलेले आकडे व युक्तिवाद देशाच्या विचारातून पुसले गेले नाहीत. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस त्याचा कायदेशीर लाभ मिळू लागला.

दुसरे उदाहरण कोकणच्या भूमीशी निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष जमीन कसणारा कूळ आणि सरकार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या खोताचे स्थान त्यांना दूर करावयाचे होते. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. परंतु विषय राज्याच्या दप्तरी दाखल झाला होता. पुढे १९४९ मध्ये मुंबई विधिमंडळाने खोती नष्ट करणारा कायदा केला.

संसदेत राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे बॅरिस्टर नाथ पै यांचेही उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. गोलकनाथ खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की संसदेला मूलभूत हक्कांत काटछाट करता येणार नाही. संसदेस घटनेच्या सर्व भागांत दुरुस्ती करण्याचा अधिकार असावा, या हेतूने नाथ पै यांनी अशासकीय विधेयक मांडले. ते मंजूर होण्यापूर्वीच जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने हा अधिकार स्पष्ट शब्दांत नमूद केला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याच्या निकालाने त्या अधिकारास राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादाही घातली. विरोधी बाकावरील एका सदस्याने मांडलेला विचार राष्ट्रव्यापी घटनात्मक चर्चेचा भाग कसा होतो, हे यावरून दिसून येते.

चर्चेतून सिद्ध झालेला कायदा

रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राच्या विधिमंडळाने देशाला दिलेली देणगी मानली जाते. विधानपरिषदेचे दीर्घकाळ सभापती असलेले वि. स. पागे यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रथम प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या काळात योजनेची निकड सर्वांना पटली. १९७७ मध्ये तिला अधिनियमाचे स्वरूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्यास काम देणे हे आता शासनाच्या मर्जीवर राहिले नाही, ते कायदेशीर बंधन ठरले. पुढे २००५ साली संसदेने याच तत्त्वावर देशव्यापी कायदा केला. ज्याच्या हाती कुदळ आहे, त्याच्यासाठी सभागृहातील शब्द कामाचा हक्क होऊन गावात पोहोचला.

उत्कृष्टतेची कसोटी

वरील उदाहरणांवरून उत्कृष्ट लोकप्रतिनिधीची लक्षणे सहज ध्यानी येतात. विषयाचा सखोल अभ्यास, अचूक माहिती, नियमांचे ज्ञान, प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी आणि दीर्घकाळ पाठपुरावा करण्याची चिकाटी ही ती लक्षणे होत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून एकूण ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ विरोधी बाकांवर गेला. तरीही दुष्काळी भागाच्या पाण्याचा प्रश्न ते निष्ठेने मांडीत राहिले आणि सर्व पक्षांच्या आदरास पात्र ठरले. १९७७ व १९८० साली ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवीत असत. प्रतिनिधीने सभागृहात प्रश्न विचारावेत आणि मतदारसंघात उत्तरे द्यावीत, हा दुहेरी धर्म त्यांनी पाळला.

या कसोटीवर सभागृहातील गोंधळ कोठेच बसत नाही. विरोध हा विरोधी पक्षाचा हक्क आहे आणि त्या विरोधास उत्तर देणे हे सत्तारूढ पक्षाचे कर्तव्य आहे. तथापि प्रश्नोत्तराचा तास गदारोळात वाया गेला, तर सर्वाधिक नुकसान कोणाचे होते? ज्यांना मंत्रालयाची वाट ठाऊक आहे, त्यांची कामे अन्य मार्गांनीही होतात. बुवापाड्यासारख्या वस्तीला मात्र प्रतिनिधीच्या प्रश्नावाचून दुसरा आवाज नसतो. त्या दिवशीचा प्रश्न पुकारला गेला नाही, तर मंत्र्यांना उपप्रश्नांस सामोरे जावे लागत नाही आणि तोंडी आश्वासन मिळण्याची संधी हुकते. तसेच चर्चेवाचून संमत झालेल्या विधेयकातील उणिवा अंमलबजावणीच्या वेळी उघड होतात. त्यांचा भार तालुक्याच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यास व त्याच्या दारी आलेल्या नागरिकास सोसावा लागतो.

म्हणूनच पुरस्काराची निवड करताना भाषणाच्या झगमगाटापेक्षा त्या भाषणाने शासनास कोणते उत्तर देणे भाग पाडले, हे पाहणे इष्ट ठरेल.

सर्वांचे उत्तरदायित्व

चांगली चर्चा केवळ आमदारांच्या बुद्धिमत्तेवर उभी राहत नाही. विधिमंडळातील प्रत्येक उत्तराचा उगम एखाद्या कार्यालयातील नोंदीत असतो. ती नोंद खरी, पूर्ण व वेळेवर पाठविणे हे अधिकाऱ्याचे संसदीय कार्यच आहे. खाली चुकीचा आकडा भरला गेला, तर वर सभागृहाची दिशाभूल होते.

शिक्षकांनी नागरिकशास्त्र शिकविताना विधिमंडळाची रचना पाठ करून घेण्यावर समाधान मानू नये. आपल्या गावाचा वा वस्तीचा एक प्रश्न निवडून तो तारांकित प्रश्नाच्या स्वरूपात लिहावयास विद्यार्थ्यांना सांगावे. प्रश्न कोणत्या खात्याचा, माहिती कोणती हवी, उपप्रश्न कोणता, याचा विचार करताना मुलांना शासनयंत्रणेचा खरा परिचय होईल.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने ग्रामसभा हेच पहिले सभागृह होय. तेथे विषयपत्रिकेनुसार कामकाज चालावे, विरोधी मत ऐकून घेतले जावे आणि इतिवृत्तात ते प्रामाणिकपणे नोंदले जावे. नीट लिहिलेला ग्रामसभेचा ठराव हा आमदाराच्या हातातील सर्वांत भक्कम पुरावा असतो.

उत्कृष्ट संसदपटूच्या हाती पडणारे सन्मानचिन्ह हे अशा अनेक अज्ञात हातांच्या सहकार्याचे फळ असते. गावाने व वस्तीने प्रश्न नेमकेपणाने मांडावा, कचेरीने माहिती सत्य द्यावी, प्रतिनिधीने तो निर्भयपणे विचारावा आणि शासनाने त्यास उत्तर द्यावे. ही साखळी जेथे अखंड राहील, तेथे लोकशाहीचा सन्मान नित्य होत राहील.